दारावरची यादी

तुमच्या म्हाताऱ्या वडिलांच्या हॉस्पिटलमधल्या फायलीत ते आयुष्यभर कोण होते याबद्दल किती शब्द लिहिले आहेत, हे तुम्ही कधी बघितलंय का? एका माणसाच्या फायलीतले ते शब्द मला पाठ आहेत, कारण ते माझ्या वडिलांनी लिहिले होते. निवृत्त, विधुर, एकटे राहतात. त्याखाली आणखी एक ओळ होती. त्या ओळीपायी एका माणसाचं घर गेलं. ती ओळ खोडून घेण्याची संधी मला मिळाली होती आणि ती मी वाया घालवली. म्हणून हे लिहिते आहे. आठवणी लिहून काढण्याइतकं माझं वय झालेलं नाही, तिशीसुद्धा अजून यायची आहे. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं आपल्या वयाची वाट बघत थांबत नाहीत.

आम्ही आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहायचो. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे एकच हॉस्पिटल आहे, आणि या खेपेला मला कुणाचं नाव चारचौघांत टांगायचं नाही. शनिवारी सकाळी आई-बाबा तूरडाळ आणि कोथिंबीर आणायला स्लायगोला जायचे. एरवी आमच्या घरात ब्राउन ब्रेडबरोबर ठेचा आणि कोबीच्या भाजीबरोबर पिठलं चालायचं. आई डब्लिनच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करायची. कानाला हेडफोन, एक डोळा पडद्यावर आणि एक गॅसवर. फोडणी जरा जास्त तडतडली की छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायचा, आई टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालायची, आणि पलीकडून तिचा साहेब शांतपणे म्हणायचा, "जेवण तयार झालेलं दिसतंय." बाबा हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्यांच्या वॉर्डात रजिस्ट्रार होते, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचे डॉक्टर. त्यांचा करार सहा महिन्यांचा असायचा, जानेवारी ते जुलै, जुलै ते जानेवारी, आणि तो फ्रिजवर चुंबकाने लावलेला असायचा. या देशात राहण्याच्या परवानगीचा आमचा स्टॅम्प त्या कराराला बांधलेला होता. दूध काढायला गेलं की आधी ती तारीख दिसायची.

रविवार मात्र वेगळा असायचा. माझे आजोबा, आईचे वडील, नागपुरात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. गिरणी कामगारांच्या युनियनची पत्रकं त्यांच्या हातून निघायची. ते गेल्यावर आईने त्या पत्रकांचा गठ्ठा सुटकेसमध्ये घालून इथे आणला. मी आठ वर्षांची असताना इथे आले आणि दोन वर्षांत घरातसुद्धा इंग्रजीतच उत्तरं द्यायला लागले, तेव्हा आईने नियम केला: रविवारी पोहे खाऊन झाले की एक पत्रक मोठ्याने वाचायचं. माझं मराठी गोष्टींवर वाढलेलं नाही. 'बोरन्हाण' म्हणजे काय हे कळायच्या आधी मला 'टाळेबंदी' म्हणजे काय हे माहीत होतं. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "पोरगी एक दिवस माझ्याच दारात संप करणार." आई आजोबांचा नियम सांगायची: नाव मोठ्या टायपात, मागणी त्याहून मोठ्या टायपात, बाकी सगळं बारीक. तो मला पाठ झाला. आजोबांचा आणखी एक नियम होता, पण तो मी तेव्हा विचारला नाही.

इथल्या माध्यमिक शाळांत चौथं वर्ष, साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी, मोठ्या परीक्षेशिवाय जातं. मुलांनी बाहेर कुठेतरी काम करून बघावं अशी अपेक्षा असते. मी हॉस्पिटलमध्ये चहाची ट्रॉली घेतली, मंगळवारी आणि शनिवारी दुपारी. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं, त्यामुळे मी यायच्या आधी सगळ्यांना कळायचं. कोपऱ्यातल्या खाटेवर मिस्टर टॅटर्सबी होते, विल्फ टॅटर्सबी. ऐंशी ओलांडलेले, बुटके, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. गावात त्यांची ओळख एवढीच की गवत कापायची मशिनं दुरुस्त करणारा तो इंग्लिश माणूस. पाय घसरून पडले म्हणून त्यांना आणलं होतं, आणि पडल्याची दुखापत बरी झाल्यावर डोक्याची तपासणी सुरू झाली. वार, महिना, साल त्यांना सांगता यायचं नाही. शनिवार मात्र बरोबर कळायचा. शनिवारी पावणेतीन वाजले की ते उठून बसायचे, पायजमा गुडघ्यापर्यंत वर गुंडाळायचे आणि गुडघ्याला बांधायची पट्टी मागायचे. मग मला विचारायचे, "यादी लागली का गं?"

पहिल्या शनिवारी मी चहा देऊन पुढे गेले. दुसऱ्या शनिवारी विचारलं, कसली यादी. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि सांगायला लागले. साल विसरलेला तो माणूस आपल्या संघातले अकराच्या अकरा खेळाडू जागांनिशी म्हणून दाखवायचा, गोलकीपरपासून डाव्या टोकापर्यंत, एका दमात. ते इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या एका सूतगिरणीच्या गावचे. आई-बाप दोघं गिरणीत, हेही काही दिवस गिरणीत, आणि सतराव्या वर्षी तिसऱ्या दर्जाच्या एका क्लबमध्ये. तिथे आधी दोन वर्षं मोठ्या खेळाडूंचे बूट चरबी लावून मऊ करायचे आणि उन्हाळ्यात स्टँडच्या पत्र्यांना रंग द्यायचा. मग लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीतला डावा; मॅच दर शनिवारी, दुपारी तीनला. ज्याचं नाव गोल करणाऱ्यांत कधी येत नाही तो, असं ते स्वतःच म्हणायचे. पावसात चामड्याचा बॉल पाणी पिऊन जड व्हायचा, आणि तो डोक्याने मारला की दात एकमेकांवर आपटायचे. हे सांगताना ते दाताला जीभ लावून बघायचे.

यादीची गोष्ट अशी. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूची नोंदणी, म्हणजे त्याचे कागद, क्लबकडे असायचे. करार संपला तरी कागद सुटायचे नाहीत. दर वसंतात हंगाम संपला की ड्रेसिंग रूमच्या दारावर टाइप केलेली यादी लागायची. एका रकान्यात ठेवलेले, दुसऱ्यात सोडलेले. सोडलेला त्या दिवसापासून बेकार. ठेवलेला क्लबचा, क्लबने त्याला मैदानावर उतरवलं नाही तरी क्लबचाच, दुसऱ्या कुणाकडे जायची सोय नाही. दुखरा गुडघा घेऊन खेळायला विल्फनी एकदा नकार दिला आणि मॅनेजरला तोंडावर काहीतरी बोलले. पुढचे दोन वसंत त्यांचं नाव पहिल्या रकान्यात होतं. दोन वर्षं त्यांना एकदाही पहिल्या संघात घेतलं नाही, आणि जाऊही दिलं नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, पाय सगळ्यांत चांगले असताना, ते पुन्हा पत्र्यांना रंग देत होते. शेवटी बोटीत बसून ते इकडे आले, कारण त्या कागदांचा नियम समुद्र ओलांडत नव्हता. दक्षिणेकडच्या एका क्लबकडून तीन हिवाळे खेळले, गुडघा कायमचा गेला, नूलाशी लग्न केलं आणि तिच्या गावात येऊन मशिनं दुरुस्त करत राहिले. इथे कुणाला काही सांगितलं नाही का, असं मी विचारलं. इंग्लिश माणसाने इथल्या पबमध्ये स्वतःचं कौतुक सांगू नये, एवढी अक्कल नूलाने पहिल्याच वर्षी दिली होती, असं ते म्हणाले आणि हसले.

आज मी मेनूथच्या विद्यापीठात शिकते, आणि माझ्या टेबलावर अशा कागदांबद्दलची जाडजूड पुस्तकं आहेत. तेव्हा मला पुस्तकांची गरज पडली नाही. मी रविवारच्या पत्रकांवर वाढलेली होते. दारावरची यादी, मालकाच्या खिशातला माणूस, हे मला ओळखीचं होतं.

त्याच आठवड्यात एकदा जेवताना बाबा म्हणाले की आज एका पेशंटने त्यांची गचांडी धरली आणि विचारलं, डॉक्टर, माझे कागद कुणाकडे आहेत. नाव त्यांनी घेतलं नाही. ते घरी कधीच नावं घ्यायचे नाहीत. ते म्हणाले की माणूस स्वतःला फुटबॉलपटू समजतो आणि आपले कागद कुणीतरी अडवून ठेवलेत असा त्याचा पक्का भ्रम आहे, तसं फायलीत लिहावं लागलं. मी म्हटलं की तो भ्रम नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच."

बाबांनी घास खाली ठेवला. ते रागावले नव्हते, हे मला सांगायलाच हवं. "बेटा, त्यांनी मला हेही सांगितलंय की नूला खाली गाडीत वाट बघतेय. तिला जाऊन कित्येक वर्षं झाली. यातलं कुठलं मी खरं धरू?"

 मी जे हाताशी होतं ते फेकून मारलं. "बाबा, तुझे कागद कुणाकडे आहेत?"

आईचा डाव पातेल्यात तसाच राहिला. बाबांनी फ्रिजकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलंच नाही. जेवण झाल्यावर त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. पुढच्या बुधवारी वॉर्डाची बैठक होती. भ्रम नाही, नुसता विसराळूपणा आहे, असं ठरलं तर म्हातारा घरी जाणार होता. त्याच्या शेजारची ब्रीडा सकाळ-संध्याकाळ बघायला तयार होती. भ्रम आहे असं ठरलं तर दोन तासांवरच्या कुलूपबंद युनिटमध्ये. तिथून कुणी घरी येत नाही. मोठे डॉक्टर बाबांच्या नोंदीवर विसंबून होते, आणि जुलैच्या करारावर सही त्याच मोठ्या डॉक्टरांची लागणार होती. "तरी तू मला काहीतरी कागद आणून दे," बाबा म्हणाले. "एक कागद. मी सगळ्यांसमोर ती ओळ माझ्या हाताने खोडतो."

यापेक्षा जास्त कोण काय देणार होतं? आणि मी काय केलं? मी कॉम्प्युटरवर टॅटर्सबी शोधला. त्या नावाचा शर्यतीचा एक घोडा सापडला. मग मी चिडले. ब्रीडाचं घर आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. तिच्याकडे विल्फच्या घराची किल्ली होती. मी गेले नाही. आमच्या घरात अन्याय दिसला की पत्रक निघायचं, म्हणून मी पत्रक काढलं.

सोमवारी शाळेच्या फोटोकॉपी मशिनवर इतिहासाचा प्रकल्प म्हणून गठ्ठा छापला. नाव मोठ्या टायपात: विल्फ टॅटर्सबी. मागणी त्याहून मोठ्या टायपात: याचे कागद परत द्या. बाकी बारीक. बारीक टायपात मी लिहिलं होतं की एका कामगाराचं आयुष्य खोटं ठरवणारे डॉक्टर याच इमारतीत आहेत. मंगळवारी चहाच्या आधी मी एक पत्रक मुख्य दाराशी लावलं, एक कँटीनमध्ये, आणि एक वॉर्डाच्या दुहेरी दारावर, डोळ्यांच्या उंचीला, सरळ रेषेत.  आजोबांना अभिमान वाटला असता, असं वाटत होतं.

विल्फ रोज दुपारी वॉकर घेऊन दारापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. मी कप भरत होते. वॉकरचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला नाही, म्हणून मी वर बघितलं. ते दारासमोर उभे होते. बोट कागदावर, नावाखाली. ओठ हलत होते. मग ते वळले, आणि तसा चेहरा मी त्याआधी कुठल्याच माणसाचा बघितला नव्हता.

"कुठल्या रकान्यात?" त्यांनी मला विचारलं. "चष्मा नाहीये गं माझा. कुठल्या रकान्यात आहे मी?"

 मी म्हणाले की ती यादी नाही, ते मी लावलंय, तुमच्यासाठी. त्यांना फक्त 'मी लावलंय' एवढंच ऐकू आलं असावं.

"परत ठेवलंय," ते म्हणाले. "तिसरं वर्ष."

मग त्यांनी वॉकर सोडला आणि अंगाने दार ढकललं. केरळची एक नर्स धावत आली, तिने मागून त्यांचा कोपर धरला. त्यांनी हात झटकला. लेफ्ट हाफने समोरच्याला खांद्याने बाजूला सारावं तसा. ती माझ्या ट्रॉलीवर पडली. किटली उलटली, तिचं मनगट भाजलं. त्यांना धरायला चार माणसं लागली. पूर्ण वेळ ते एकच सांगत होते, की बोट सहाला सुटते आणि कागद नसले तरी चालतात.

बुधवारची बैठक पाच मिनिटांत संपली. भ्रमाबद्दल कुणी बोललंच नाही. माणूस हिंसक आहे, नर्स जखमी आहे, एकटं ठेवता येणार नाही. दुपारी त्यांना गाडीत घालून नेलं. मला हॉस्पिटलमध्ये यायला बंदी झाली आणि बाबांना वरच्या मजल्यावर बोलावलं गेलं, कारण गावात त्या वॉर्डाचे डॉक्टर कोण हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी ब्रीडा आमच्या दारात आली. सत्तरीची, उंच, अंगावर ओला रेनकोट. आत ये म्हटलं तरी आली नाही. तिने रेनकोटच्या आतून एक पाकीट काढून बाबांच्या हातात दिलं. विल्फच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली ते होतं. नूलाने तिथे ठेवलेलं, कोरडं राहावं म्हणून. आत क्लबच्या छापील कागदावर दोन ओळींचं पत्र होतं: येत्या हंगामासाठी तुम्हाला ठेवून घेण्यात येत आहे. खाली सही. आणि एक फोटो, दोन रांगांत अकरा माणसं, बुटका, वाकड्या पायांचा एक पोरगा डाव्या टोकाला.

"हे तुला आधी मिळालं असतं," ती मला म्हणाली. आवाज चढवला नाही. "नुसतं दार वाजवायचं होतंस, पोरी. गावात सगळ्यांना वाचायला दिलंस. मला विचारलं नाहीस. त्याला तरी विचारलंस का?"

ती गेल्यावर आई टेबलाशी बसली. तिने आजोबांचा दुसरा नियम तेव्हा सांगितला. मशीन सुरू व्हायच्या आधी पहिला कच्चा कागद घेऊन आजोबा त्या कामगाराच्या खोलीवर जायचे, ज्याच्याबद्दल पत्रक असेल त्याच्या. त्याला सगळं वाचून दाखवायचे. तो नको म्हणाला तर जुळवलेले खिळे परत खणांत जायचे. "हे मला का नाही सांगितलंस," मी विचारलं. आई म्हणाली, "मला वाटलं, हे सांगावं लागत नाही."

बाबांनी मात्र शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पत्र मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवलं, फायलीतली ओळ खोडली, शेजारी सही केली आणि लिहिलं: रुग्णाचं म्हणणं खरं होतं, चूक माझी. फाईल तोपर्यंत दोन तास लांब गेली होती. त्यासाठी त्यांनी ती परत मागवून घेतली होती. त्याचा उपयोग झाला नाही. आता अडचण नर्सच्या मनगटाची होती, आणि ते मनगट माझ्या खात्यावर आहे. जुलैचा करार आला नाही. कारण कुणी दिलं नाही, आणि सहा महिन्यांच्या करारात कारण द्यावं लागतही नाही. बाबांनी फ्रिजवरचा जुना कागद काढला, चुंबक खिशात टाकला, आणि आम्ही वॉटरफोर्डला गेलो. त्या गोष्टीबद्दल बाबांनी मला आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नाही.

जायच्या आधीच्या शनिवारी बाबा मला विल्फना भेटायला घेऊन गेले. दोन दारं, दोन्हींना आकड्यांचं कुलूप. विल्फ खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते, दाढी कुणीतरी नीट केलेली. पावणेतीन वाजले. मी त्यांच्या पायजम्याकडे बघत होते. ते हलले नाहीत. तीन वाजले. बाबा त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, "मिस्टर टॅटर्सबी, माझी चूक झाली. मी फोटो बघितला. तुम्ही लेफ्ट हाफ होतात."

विल्फनी आधी दाराकडे बघितलं, मग बाबांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे. सवयीने घातलेला तो बाबांनी काढला नव्हता.

"नाही हो डॉक्टर," ते म्हणाले. "मी मशिनं दुरुस्त करायचो, गवताची. फुटबॉल वगैरे मी कधीच खेळलो नाही. विचारा कुणालाही." मग थोडं पुढे वाकून, आवाज खाली आणून: "आता जाऊ का घरी?"

बाबांनी त्यांचा हात धरून ठेवला.  विल्फ त्या हिवाळ्यात गेले, त्याच खुर्चीत. ब्रीडाने फोन करून कळवलं. हे प्रकरण छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवलं, फोनवर, इंग्रजीत सांगत सांगत. नावं बदल म्हणाली, ती मी बदलली आहेत; आणि छाप म्हणाली. विल्फना विचारण्याची सोय मी ठेवली नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात, शेजारी, फोनच्या पलीकडे जे कुणी म्हातारं माणूस आहे, त्याला या आठवड्यात विचारा, तुम्ही काय काम करायचात, कुणाबरोबर, आणि तुम्हाला कुणी अडवलं होतं का. त्याच्या शब्दांत एका पानावर लिहा. त्याला वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर फाडून टाका. हो म्हणाला तर त्याची सही घ्या, आणि तो कागद त्याच्या औषधांच्या चिठ्ठीवर टाचून ठेवा, डॉक्टरच्या हातात सगळ्यांत आधी तोच पडेल असा. दारावर लावू नका.